शोशोनी: रस्ता नसलेल्या सरोवरात कायाकने

अमेरिकेच्या वायोमिंग राज्यातील यलोस्टोन राष्ट्रीय उद्यानात दर वर्षी लाखो प्रवासी येतात, पण त्यांपैकी फारच थोडे शोशोनी सरोवराच्या काठाला पोहोचतात. हे सरोवर लहान नाही. त्याचे क्षेत्रफळ सुमारे ३२ चौरस किलोमीटर आहे आणि सर्वांत खोल जागी पाणी साठ मीटरहून अधिक खोल आहे. तरीही ते गर्दीपासून दूर राहिले, कारण त्याच्या काठापर्यंत मोटारीचा रस्ता नाही. अलास्का बाजूला ठेवले, तर अमेरिकेतील रस्ता न पोहोचलेल्या सरोवरांमध्ये हेच सर्वांत मोठे मानले जाते. तिथे जायचे तर रानातून काही किलोमीटर चालावे लागते, नाहीतर शेजारच्या लुइस सरोवरातून वल्हवत जाऊन, दोन सरोवरांना जोडणाऱ्या पाच-सहा किलोमीटर लांबीच्या प्रवाहातून, पाण्याच्या ओढीविरुद्ध नाव वर न्यावी लागते. मला या दोन्ही वाटा माहीत आहेत, पण मन रमते ते दुसरीत.

आम्ही आयडाहो फॉल्समध्ये राहतो. आमच्या गावातून वाहणाऱ्या स्नेक नदीला शोशोनीचेच पाणी मिळते. सरोवरातून ते लुइस सरोवरात उतरते, तिथून लुइस नदीने उद्यानाच्या दक्षिण प्रवेशद्वाराजवळ स्नेकला मिळते, आणि पुढे कोलंबिया नदीतून पॅसिफिक महासागराला जाते. थोड्याच अंतरावर असलेल्या यलोस्टोन सरोवराचे पाणी मात्र खंडाच्या जलविभाजकाच्या पलीकडचे असल्यामुळे मिसूरी आणि मिसिसिपीमार्गे मेक्सिकोच्या आखातात जाते. सह्याद्रीच्या माथ्यावर पडलेला पाऊस कधी अरबी समुद्राला तर कधी कृष्णा-गोदावरीतून बंगालच्या उपसागराला जातो, हे सातारा जिल्ह्यात लहानपणीच भूगोलाच्या तासाला शिकल्यामुळे असेल, पण नकाशावर ही रेघ पाहिल्यापासून या सरोवराविषयी मला ओढ वाटू लागली.

या प्रवासाची तयारी पाण्यात उतरण्याच्या बरीच आधी सुरू होते. काठावरच्या तंबूच्या जागा ठरलेल्या असून मुक्कामासाठी उद्यानाचा परवाना लागतो. नावेसाठी वेगळा परवाना घ्यावा लागतो आणि पाण्यात उतरण्यापूर्वी नावेची तपासणी होते, कारण इतर ठिकाणच्या पाण्यातून चिकटून आलेले शिंपले, गोगलगायी किंवा वनस्पतींचे तुकडे इथे रुजले, तर ते पुन्हा काढणे जवळजवळ अशक्य असते. कायाक, म्हणजे दोन पात्यांच्या वल्ह्याने चालवायची लांबट, अरुंद नाव, नीट धुऊन, आतले पाणी पूर्ण काढून, उन्हात खडखडीत वाळवून नेण्याची सवय आम्हाला या तपासणीमुळेच लागली. रांगेत उभे राहून परवानगी मिळवणे काहींना जाचक वाटते. या रांगेमुळे सरोवराचे किती रक्षण होते, हे मासळीची हकिकत कळल्यावर पटते. ती पुढे सांगते.

लुइस सरोवराच्या आग्नेय काठावर, तंबूंच्या तळाजवळ, नावा उतरवण्याचा धक्का आहे, आणि वरून येणाऱ्या प्रवाहाचे मुख सरोवराच्या वायव्य कोपऱ्यात आहे. सरोवर मधून कापले तर अंतर वाचते, पण ते आम्ही कधीच करत नाही. या भागातला वारा बहुधा नैर्ऋत्येकडून येतो. सकाळी पाणी काचेसारखे स्थिर असते, आणि दुपार होऊ लागली की तासाभरात त्यावर फेसाळ लाटा उठतात. म्हणून पहाटेच्या अंधारात सामान बांधायचे, उजाडता उजाडता निघायचे आणि पश्चिमेचा किनारा हाताशी ठेवून, थोडा वळसा पडला तरी चालेल, पण वाऱ्याच्या आडोशाने जायचे. लुइस सरोवरात मोटारबोटींना परवानगी आहे. कधी एखादी मासेमारीची बोट दूरवरून जाते आणि तिची लाट बऱ्याच वेळाने आपल्यापर्यंत येते. प्रवाहाच्या मुखाशी पोहोचल्यावर मात्र हे आवाज मागे राहतात, कारण तिथून पुढे प्रवाहात आणि शोशोनी सरोवरातही केवळ हाताने वल्हवण्याच्या नावांनाच परवानगी आहे.

या प्रवाहाविषयी कितीही लिहिले तरी मला कमीच वाटेल. पहिला मोठा टप्पा अगदी संथ आहे. पाणी इतके नितळ की तळातली वाळू, पडलेल्या झाडांची काळी खोडे आणि त्यांच्या सावलीत थबकलेले मासे स्वच्छ दिसतात. दोन्ही काठांवर लॉजपोल पाइनचे रान, मधूनच गवताळ पट्टे, वळणावळणाने जाणारे पात्र. वल्ह्याची पाती पाण्यात बुडताना आणि बाहेर निघताना होणारा आवाजही इथे मोठा वाटू लागतो, आणि मग हात आपोआप हळू चालतात. सकाळच्या वेळी काठावर मूस उभा असण्याची शक्यता असते. या महाकाय सांबराच्या जवळ जाण्याचा मोह आवरून, पात्राच्या पलीकडच्या बाजूने, त्याला वाट मोकळी ठेवून पुढे सरकावे लागते.

हळूहळू पाण्याला ओढ जाणवू लागते. सुरुवातीला वल्हे थोडे जोरात मारले की भागते. मग वळणांच्या आतल्या बाजूला, जिथे प्रवाह मंद असतो, तिथून चिकाटीने चढावे लागते. शेवटच्या दीडएक किलोमीटरमध्ये पात्र उथळ आणि खडकाळ होते, पाणी वेगाने खाली येते आणि वल्हवण्याचा काही उपयोग होत नाही. तिथे नावेतून उतरायचे, पुढच्या टोकाला बांधलेली दोरी हातात घ्यायची आणि गुडघाभर, कुठे मांडीभर पाण्यातून नाव ओढत चालायचे. दोरी खांद्यावर टाकून सरळ पुढे ओढली तर प्रवाह नावेचे तोंड फिरवतो, म्हणून दोघांनी मिळून एकेक नाव न्यावी, एकाने पुढची दोरी धरावी आणि दुसऱ्याने मागचे टोक सावरावे, हे आमच्या अंगवळणी पडले आहे. पायात जाड तळव्याचे निओप्रीनचे बूट नसतील तर गोलसर, शेवाळलेल्या दगडांवर पाय ठरत नाहीत, आणि असले तरी थोड्या वेळाने पावले बधिर होतात. अंतर थोडे, पण वेळ भरपूर लागतो. दोन्ही सरोवरांच्या पातळीत काही मीटरचाच फरक असेल, परंतु तो अंगाने मोजत गेल्यावर पाणी वाहते म्हणजे काय होते, हे जितके कळते तितके पुस्तकातून कळत नाही.

मला वाटते, शोशोनीची शांतता या दीड किलोमीटरने राखली आहे. नियम आहेतच आणि ते हवेतच, पण जिथे स्वतःच्या पायांनी नाव ओढावी लागते तिथे माणूस आपोआप कमी सामान नेतो, कमी आवाज करतो आणि पोहोचल्यावर लगेच परतण्याची घाई करत नाही. इथे भेटलेली माणसे मला नेहमीच मदतीला तत्पर वाटली. ओढत्या पाण्यात अडकलेली दुसऱ्याची नाव सोडवायला थांबणे हा इथला अलिखित रिवाज आहे.

प्रवाह संपतो तिथे पात्र एकदम रुंद होते आणि समोर शोशोनीचा आग्नेयेकडचा भाग उघडतो. सरोवर पूर्व-पश्चिम पसरलेले आहे आणि मधोमध ते आक्रसून चिंचोळे होते. उद्यानाचे रेंजर सांगतात की एका काठावरून दुसऱ्या काठाला जायचेच असेल तर ते या चिंचोळ्या भागातच आणि सकाळच्या शांत वेळीच जावे. या सूचनेमागे कटू अनुभव आहेत. या पाण्यात चांगल्या सरावाच्या माणसांनीही प्राण गमावले आहेत, आणि त्याचे कारण बहुतेक वेळा लाटांपेक्षा थंडी हे असते.

सरोवर समुद्रसपाटीपासून सुमारे २,३७५ मीटर उंचीवर आहे. जूनमध्येही काही वर्षी काठाला बर्फ असतो आणि उन्हाळ्याच्या पहिल्या महिन्यांत पाणी दहा अंश सेल्सिअसच्या आसपास राहते. इतक्या थंड पाण्यात अचानक पडल्यावर पहिल्या मिनिटात श्वास आपल्या ताब्यात राहत नाही. छाती आवळते, धाप लागते, आणि त्याच वेळी डोके पाण्याखाली गेले तर पाणी आत ओढले जाते. श्वास सावरला तरी साधारण दहा मिनिटांत हातापायांची शक्ती जाऊ लागते आणि बोटांना साधी गाठसुद्धा सोडवता येत नाही. बेशुद्धी त्यानंतर बऱ्याच वेळाने येते, पण पोहून काठ गाठण्याची संधी त्याच्या कितीतरी आधी हातची गेलेली असते. उत्तम पोहता येते म्हणून लाइफ जॅकेट नावेत मागे बांधून ठेवणाऱ्या माणसाला या गणितात काहीच सूट नाही. नावेत बसल्यापासून उतरेपर्यंत जॅकेट अंगावर, त्याखाली वेटसूट (थंड पाण्यात अंगाची ऊब राखणारा पोशाख), कोरडे कपडे जलरोधक पिशवीत, आणि काठापासून तेवढ्याच अंतरावर, जितके या दहा मिनिटांत पार करता येईल: आमच्या घरात या चार गोष्टींवर चर्चा होत नाही. उलटलेल्या कायाकमध्ये पुन्हा चढण्याचा सराव आम्ही दर वर्षी हंगामाच्या सुरुवातीला गावाजवळच्या उथळ पाण्यात करतो आणि नव्याने वल्हवू लागलेल्या प्रत्येकाला तो करायचा आग्रह धरतो.

एवढी काळजी घेतल्यावर मग हे सरोवर जे देते त्याला तोड नाही. दक्षिणेच्या काठाने पश्चिमेकडे जाताना रान थेट पाण्यापर्यंत उतरलेले दिसते. कुठे कडा, कुठे खड्यांची अरुंद पुळण, कुठे ओंडक्यांनी भरलेला कोनाडा. मासेमार घार पाण्यावर घिरट्या घालून एकदम पाय पुढे करून झेपावते आणि मासा डोक्याकडून पुढे धरून उडते, म्हणजे हवेचा रोध कमी होतो. हे कायाकमधून जितके जवळून दिसते तितके काठावरून दिसत नाही, कारण कायाकमध्ये आपली नजर पाण्याच्या पातळीपासून दोन-अडीच फुटांवरच असते. नकाशावर सरळ दिसणारा किनारा त्या उंचीवरून शेकडो लहान वळणांचा होतो. दुपारी वारा सुटला की आम्ही काठाला लागतो आणि संध्याकाळी तो पडेपर्यंत थांबतो. दिवसाचे वेळापत्रक सरोवर ठरवते, आणि ते मुकाट्याने पाळण्यात मोठे सुख आहे.

मुक्कामात लाकडांची शेकोटी पेटवण्यास शोशोनीच्या काठावर मनाई आहे, त्यामुळे स्वयंपाक छोट्या गॅसच्या शेगडीवर होतो. अस्वलांचा प्रदेश असल्यामुळे अन्न, साबण, टूथपेस्ट, म्हणजे ज्याला वास आहे असे सर्व काही, तंबूपासून दूर उंच टांगून ठेवावे लागते. आमच्याबरोबर मेतकूट आणि भाजणी असते. त्यांचा दरवळ घरात कितीही हवाहवासा असला, तरी इथे दोन्ही डबे सर्वांत आधी पिशवीत जातात.

सरोवराच्या पश्चिम टोकाला शोशोनी गायझर बेसिन, म्हणजे गायझरांचे (थांबून थांबून उसळणाऱ्या उकळत्या पाण्याच्या कारंज्यांचे) खोरे आहे, आणि मला ते यलोस्टोनमधल्या प्रसिद्ध ओल्ड फेथफुल गायझरपेक्षाही अधिक मोलाचे वाटते. ओल्ड फेथफुलच्या परिसरातून तिथे यायला चालण्याची वाट आहे, साधारण तेरा-चौदा किलोमीटरची. तिथे लाकडी फलाट नाहीत, बाके नाहीत, पुढचा उद्रेक कधी होणार हे सांगणारा फलक नाही. शोशोनी ओढ्याच्या दोन्ही काठांवर उकळती कुंडे, वाफ सोडणारी भोके आणि लहानमोठे गायझर विखुरलेले आहेत. त्यांतील मिनिट मॅन नावाचा गायझर जागा असेल तेव्हा काही मिनिटांच्या अंतराने उसळतो. बेसिनलगतच्या किनाऱ्याला नाव लावण्याची परवानगी नाही, ती ठरवून दिलेल्या जागी बांधून पायवाटेने जावे लागते. कुंडांभोवतीचा पांढरट थर दिसायला भक्कम असला तरी कुठे कुठे तो पापुद्र्याइतका पातळ असतो आणि खाली उकळते पाणी असते, म्हणून पायवाट सोडायची नाही. भूगर्भातल्या ज्या उष्णतेने सुमारे ६,४०,००० वर्षांपूर्वी इथे प्रचंड उद्रेक घडवला, तीच हे पाणी आजही तापवते, आणि अर्ध्या तासापूर्वी ज्या पाण्याने पावले बधिर केली त्याच्याच काठावर ही वाफ उठते. जगात इतक्या दाटीने गायझर असलेल्या जागा फार थोड्या आहेत.

आता मासळीची हकिकत. हे सगळे पाहिल्यावर मनात येते की माणसाचा हात न लागलेली जागा हीच. पाण्याच्या बाबतीत ते खरे नाही. लुइस नदीवर खालच्या अंगाला धबधबा आहे, आणि तो चढून मासे वर येऊ शकत नसल्यामुळे शोशोनी आणि लुइस ही दोन्ही सरोवरे हजारो वर्षे माशांविना होती. १८९० च्या सुमारास अमेरिकी सरकारच्या मत्स्य विभागाने पाहुण्यांना मासेमारीचा आनंद मिळावा म्हणून त्यांत मासे आणून सोडले: लेक ट्राउट पूर्वेकडच्या मोठ्या सरोवरांच्या प्रदेशातून आणि ब्राउन ट्राउट मूळच्या युरोपातून. प्रवाहात काचेसारख्या पाण्यात थबकलेले दिसणारे मासे त्यांचेच वंशज आहेत. आज त्यांच्यावर घारी आणि पाणमांजरे जगतात, मासेमार येतात, आणि शरद ऋतूत ब्राउन ट्राउट अंडी घालण्यासाठी या प्रवाहात दाटी करतात.

गोष्ट इथेच थांबली असती तर तिला फारसे महत्त्व नव्हते. १९९४ मध्ये यलोस्टोन सरोवरात लेक ट्राउट सापडला. तो तिथला मूळचा मासा नव्हे. कोणीतरी तो बेकायदा नेऊन सोडला असे मानले जाते, आणि तो लुइस सरोवरातून नेला असावा असे पुढच्या अभ्यासांतून दिसले. यलोस्टोन सरोवरातला मूळचा मासा कटथ्रोट ट्राउट. तो अंडी घालायला उथळ ओढ्यांत चढतो, आणि त्या वेळी अस्वले, घारी, गरुड, पाणमांजरे त्याच्यावर पोट भरतात. लेक ट्राउट त्याला खातो, पण स्वतः खोल पाण्यात राहतो आणि तिथेच अंडी घालतो, त्यामुळे कटथ्रोट घटल्यावर त्याची जागा त्या प्राण्यांच्या ताटात कोणी घेतली नाही. अस्वलांना ओढ्याकाठचे हुकमी अन्न मिळेनासे झाले. तेव्हापासून दर वर्षी जाळी लावून तिथून लेक ट्राउट काढले जात आहेत, आतापर्यंत लाखो काढले गेले, आणि कटथ्रोट पुन्हा सावरू लागला असला तरी हे काम थांबवता येत नाही. मासे एका पाण्यातून दुसऱ्यात गेल्याचा हा परिणाम आहे. नाव तपासणाऱ्या रेंजरने कायाकच्या तळाशी राहिलेल्या थेंबांकडे बोट दाखवले, तर मी आनंदाने ते पुसते.

काठावरच्या रानाचेही असेच वाचन करता येते. १९८८ च्या उन्हाळ्यात यलोस्टोनमध्ये लागलेल्या वणव्यांत उद्यानाचा एक तृतीयांशाहून मोठा भाग आगीच्या फेऱ्यात सापडला, आणि त्यातल्या सुरुवातीच्या आगींपैकी एक शोशोनीजवळच विजेने लागली होती. लॉजपोल पाइनची अनेक फळे राळेने घट्ट बंद असतात आणि आगीच्या उष्णतेनेच उघडून बी सांडतात. त्यामुळे या परिसरात जळालेल्या करड्या खोडांमध्ये उभी राहिलेली एकाच वयाची, एकाच उंचीची दाट झाडी पाहिली की तिचे जन्मवर्ष सांगता येते.

हे लिहिताना मला कोयनेच्या शिवसागराची आठवण होते. तापोळा आणि बामणोलीच्या लाँचवर तिथल्या अनेक कुटुंबांचा संसार चालतो, आणि त्यांच्यापैकी कित्येकांच्या जमिनी त्याच पाण्याखाली गेल्या आहेत, म्हणून तिथल्या इंजिनांविषयी बोलण्याचा अधिकार मला आहे असे मी मानत नाही. पण त्या विस्तीर्ण जलाशयाचा एखादा फाटा केवळ वल्ह्याच्या नावांसाठी राखला, परवाने आणि वाटाड्याचे काम त्याच गावांतल्या मुलामुलींना दिले, तर पाणी शांत राहील आणि उत्पन्नही गावातच राहील, असे मला मनापासून वाटते. शोशोनीत मोटारबोटींना मनाई आहे म्हणून तिथे कोणी येत नाही असे घडलेले नाही. येणारे थोडे येतात आणि जास्त दिवस राहतात.

जाण्याची इच्छा असणाऱ्यांसाठी एवढे सांगते. जूनमध्ये बर्फ वितळून प्रवाह फुगलेला असतो आणि तो चढणे धोक्याचे ठरते, काठावरच्या तंबूच्या काही जागाही पाण्यात असतात. जुलैच्या उत्तरार्धात पाणी उतरते, पण डास फार. ऑगस्टचा शेवट आणि सप्टेंबरचा पहिला पंधरवडा मला सर्वांत चांगला वाटतो: डास संपलेले, प्रवाह उतरलेला, पण रात्री पारा शून्याखाली जातो आणि हिमवर्षावही होऊ शकतो, त्यामुळे कपडे त्या हिशेबाने न्यावेत. वाऱ्यामुळे एखादा दिवस काठावरच अडकून पडावे लागेल हे गृहीत धरून अन्न जास्त घ्यावे आणि परतीची तारीख नोकरीच्या तारखेला चिकटवू नये. ज्यांना वल्हवण्याचा आणि थंड पाण्यात स्वतःला सावरण्याचा सराव नाही, त्यांनी क्रेग पासजवळच्या रस्त्यावरून निघणाऱ्या डिलेसी क्रीकच्या पायवाटेने जावे. ती पाचएक किलोमीटरची, फारसा चढउतार नसलेली वाट कुरणातून थेट सरोवराच्या उत्तर काठाला पोहोचते, आणि सकाळी लवकर निघाले तर जेवणाच्या वेळेपर्यंत तिथे बसून परत येता येते.